बुरशी कोणाच्या हातची

मॅडमनी आधी स्पिरिट मारलं. मग गोमूत्र शिंपडलं.

मी दारात उभी होते. अंगात ॲप्रन, हातात ग्लोव्हज, तोंडावर मास्क, डोक्याला टोपी. माझे फक्त डोळे उघडे होते. तेवढ्यानं कल्चर रूम, पेशी वाढवायची खोली, विटाळली असेल तर माझ्या डोळ्यांत फारच ताकद आहे म्हणायची.

मॅडमच्या एका हातात छोटी बाटली होती, पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळते तशी. दुसऱ्या हातात आंब्याची डहाळी. ज्या हूडपाशी, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचपेटीपाशी, मी रोज काम करते त्याच्या काचेवर शिंपडलं. पिपेटच्या स्टँडवर शिंपडलं. मग माझ्या स्टुलावर. स्टुलावर जरा जास्तच. झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाईट वाटून नको घेऊ हं. सरांनी सांगितलं म्हणून करून राहिले. त्यांच्या मनाची शांती."

मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. नागपूरच्या. पेशींवरच पीएचडी केलेल्या. स्पिरिटनं जंतू कसे मरतात हे मला त्यांनीच शिकवलं होतं. स्पिरिटनं मरत नाही असं माझ्यात काय होतं, ते मात्र शिकवलं नाही. त्याची गरजही नव्हती. ते मी पांढुर्ण्याच्या गल्ल्यांमधून लहानपणीच शिकून आले होते.

मी बौद्ध. आमच्या आजोबांनी घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून जाम नदीत सोडले, तेव्हापासून घरात देव्हारा नाही. शाळा हिंदीतून, घर मराठीतून आणि पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून. एम.एस्सी. नागपूरला केलं. रेल्वेनं जायचं, रेल्वेनं यायचं. मग बोरगावच्या एका कंपनीत नोकरी लागली. कंपनीचं नाव घेत नाही. नाव घेतलं की लोक कंपनीबद्दल बोलत बसतात आणि झालं ते बाजूला राहतं.

ही कंपनी आपल्याकडच्या संत्र्याच्या सालीचा अर्क काढते. चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये घालायला. तो अर्क खरंच काही करतो का, हे पाहणं माझं काम. माणसाच्या कातडीच्या पेशी काचेआड वाढवायच्या, त्यांना अर्क द्यायचा आणि त्यांच्यातलं कोलाजेनचं जनुक किती बोलतं ते मोजायचं. कोलाजेन म्हणजे कातडीची वीण. जखम भरते ती त्याच्या जोरावर. कमी पडलं की सुरकुत्या, अति झालं की जाड वण. हे जनुक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं. डोळ्याच्या पेशीत असतं, मेंदूच्या पेशीत असतं. पण सगळीकडे ते बोलत नाही. कुठं त्याला बोलू दिलं जातं, कुठं गप्प बसवलं जातं. आणि गप्प बसवलं म्हणून ते नाहीसं होत नाही. मला या कामात सगळ्यात जास्त हेच आवडायचं.

सूक्ष्मदर्शकातून त्या पेशी पाहिल्या आहेत का कोणी? लांबट, टोकदार, विहिरीतल्या बारक्या मासोळ्यांसारख्या एका दिशेनं तोंड करून पडलेल्या. नवी डिश भरली की सकाळी घरातून निघतानाच मन तिकडे लागलेलं असायचं. पांढुर्ण्याहून सौसरची बस, सौसरहून बोरगावचा ऑटो, आणि ॲप्रन चढवून पहिली झडप इन्क्युबेटरकडे, पेशींच्या उबेच्या कपाटाकडे. जिवंत आहेत का? चिकटल्या का? मी त्यांचं खाणं बदलत होते, त्यांची दाटी झाली की दुसऱ्या डिशेसमध्ये वाटून देत होते. माझा हात चांगला होता. हे मी फुशारकीनं सांगत नाही, माझ्या पेशी वाढत होत्या म्हणून सांगते. आणि मला एक गोष्ट सापडायला लागली होती. थोडा अर्क दिला की जनुक वर जायचं. जास्त दिला की खाली यायचं, अगदी दबून जायचं. का दबतं, ते शोधायचा प्रयोग लावला होता. वरच्या फळीवर माझ्या डिशेस ओळीनं मांडलेल्या होत्या. हे पूर्ण झालं असतं तर हे काम माझ्या नावावर राहिलं असतं. आमच्या वस्तीतल्या कोणाच्या नावावर असलं काही नाही.

मध्येच दसरा आला.

दसऱ्याला आपल्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, गाडीवाला गाडी पुजतो. मला त्याचं काही नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण आमच्या सरांनी ठरवलं की प्रयोगशाळेचीही पूजा करायची. सर म्हणजे कंपनीचे मालक. पांढुर्ण्याच्या जुन्या व्यापारी घरातले. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी माझे मार्क पाहिले, मग आडनाव पाहिलं, मग परत मार्क पाहिले. "मार्क तं चांगले हायत तुह्ये," म्हणाले. त्या 'तं'मध्ये सगळं आलं.

त्या दिवशी सगळे जमले. झेंडूचे हार, नारळ, हळदकुंकू, आपट्याची पानं, तांब्याची लोटी. मीही चपला काढून सगळ्यांबरोबर कल्चर रूमकडे निघाले. ती रोजची माझीच खोली. सरांनी दारात हात आडवा धरला.

"तू बाहीरच थांब. तुमच्यात पूजा-बिजा नसते ना. काहून उगाच."

प्रेमानंच म्हणाले. जशी काही माझीच सोय पाहत होते. सगळे आत गेले. प्रणिता आत गेली, जी माझ्याच बाकावर काम करते. काचा पुसणारी बाई आत गेली. शिपाई आत गेला. मी दाराच्या काचेतून पाहत राहिले. हूडच्या जाळीवर हार चढला. इन्क्युबेटरच्या दारावर स्वस्तिक निघालं. इथपर्यंत मी दात आवळून गप्प होते. मग सरांनी इन्क्युबेटर उघडला.

इन्क्युबेटरच्या तळाशी पाण्याचा ट्रे असतो. आतली हवा ओलसर राहावी, पेशी सुकू नयेत म्हणून. त्यात निर्जंतुक पाण्याशिवाय थेंबही जाऊ द्यायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा. सरांनी लोटी वाकडी केली.

मी दार उघडून ओरडले, "सर, त्यात नका टाकू! पेशी मरतील!"

सगळे माझ्याकडे वळले. देवाच्या कामात कुत्रं भुंकावं तसे वळले. सर हसले. "अरे, गंगाजल हाय ते. गंगाजल कधी नासत नाही." आणि उरलेलं पाणीही ओतलं. शेजारी मॅडम हात जोडून उभ्या होत्या. डोळे मात्र त्या ट्रेवरच होते. त्यांना माहीत होतं. मला जेवढं माहीत होतं त्याच्या दसपट त्यांना माहीत होतं. मला वाटलं, सुट्टीआधी त्या गुपचूप ट्रे धुवायला लावतील. पण पूजेचं पाणी लगेच सांडत नाहीत म्हणे. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली सरांकडे गेली.

सुट्टी संपवून आलो तर खालच्या फळीवरच्या डिशेसमध्ये पांढरे पुंजके तरंगत होते. सरकी काढताना कापसाचे बारीक तंतू उडतात ना, तसे. खालची फळी प्रणिताची. दुसऱ्या दिवशी मधली फळी गेली. माझी वरची फळी सगळ्यात शेवटी गेली. पाणी तळाशी, बुरशी तळापासून वर. हे समजायला एम.एस्सी. लागत नाही. लहान लेकरालाही कळेल.

पण कळून घ्यायचं नसलं की पीएचडीलाही कळत नाही.

सर कल्चर रूमच्या दाराशी आले. आत आले नाहीत. माझ्याकडे न पाहता मॅडमशी बोलले. "हात पाहा लागते, मॅडम. काही लोकायच्या हातानं नाही लागत या गोष्टी. अन् वरून पूजेत टोकलं तिनं. मंग काय होईन?"

म्हणजे गुन्हे दोन. एक माझा हात, दुसरं माझं तोंड. ज्या पाण्यानं घात केला ते पवित्र आणि ज्या पोरीनं सांगितलं ती अपशकुनी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्याच दुपारी ते गोमूत्राचं झालं.

मी भांडले नाही. मी ट्रेमधलं पाणी घेतलं, एका डिशमध्ये पसरलं आणि डिश वेगळ्या कपाटात उबेला ठेवली. तीच बुरशी आली. तसेच पांढरे पुंजके. डिश मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी झाकण उघडलंच नाही. डिश उचलून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली.

"असल्या गोष्टींचा हट्ट धरू नये," त्या म्हणाल्या. "ऐक माझं. आपला अर्क घेणारी मुंबईची पार्टी मीटिंग घेणार आहे. काम लांबलं तर कारण विचारतील. मी त्यांना काय सांगू, की आमचे मालक इन्क्युबेटरमध्ये गंगाजल टाकतात? तू एवढंच म्हण, माझ्या हाताळणीत चूक झाली. विषय संपला."

"अन् मग?"

"नोकरी जाणार नाही तुझी. मी बोलले सरांशी. धुण्याच्या खोलीत घेतील तुला. फ्लास्क, बाटल्या धुवायच्या, वाफेवर घालायच्या. तेही महत्त्वाचंच काम आहे. कल्चर रूममध्ये तेवढं यायचं नाही."

बाटल्या धुवायच्या. भरायच्या नाहीत. हे मी आधी पाहिलेलं होतं. माझ्या मायच्या बाबतीत.

माझी माय पांढुर्ण्यात एका मोठ्या घरी कामाला होती. उन्हाळ्यात त्यांच्याकडे लोणच्याचा मोठा घाट. कैऱ्या माय आणायची, माय धुवायची, अडकित्त्यावर बसून माय फोडायची. बरण्या घासून उन्हात माय ठेवायची. पण फोडी बरणीत भरायची वेळ आली की तिनं ओट्यावरून खाली उतरायचं. भरलेल्या बरणीला तिचा हात लागायचा नाही. मी शाळेतून येऊन त्या घराच्या मागच्या पायरीवर बसायचे, म्हणून मला सगळं दिसायचं. एका वर्षी बरणीवर बुरशी चढली. घरची म्हातारी बरणी घेऊन अंगणात आली आणि सगळ्या शेजारणी ऐकतील एवढ्या मोठ्यानं विचारलं, "हात लावला होता का तुवा?"

माय उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला. "हो बाई," म्हणाली. "माहाच हात लागला असन."

ते वाक्य मी विसरले नाही. मला तेव्हा मायचाच राग आला होता. तिनं खरंच हात लावला असेल, असंही वाटलं होतं. म्हातारीनं ती अख्खी बरणी आमच्याकडे देऊन टाकली, बुरशीसकट. वरची बुरशी काढून आम्ही ते लोणचं वर्षभर खाल्लं. चांगलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आले तर माय भाकरी टाकत होती. मी सगळं सांगितलं. गंगाजल, गोमूत्र, धुण्याची खोली. तिनं तव्यावरची नजर काढली नाही.

"म्हनून टाक ना बाई," ती म्हणाली. "तोंडाले काय लागते. नोकरी तं राहीन."

माझं टाळकं फिरलं. "ते लोणचं तुह्या हातानं नासलं होतं काय?"

तिला लगेच कळलं मी कोणत्या लोणच्याचं बोलते आहे. इतक्या वर्षांत आम्ही त्यावर एक शब्द बोललो नव्हतो. तरी तिला लगेच कळलं. तिनं भाकरी उलटली.

"म्हातारीनंच ओला पया घातला होता बरनीत. म्या पाह्यलं होतं माह्या डोयानं."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं उलटून बोलते म्हनून त्या घरातूनच नाही, साऱ्या गल्लीतून काढलं असतं." मग तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हात वाईट असला तं चालते त्यायले. तोंड वाईट असलं तं चालत नाही."

मी जेवले नाही. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की माझी माय भोळी आहे, तिला कळत नाही. तिला सगळं कळत होतं. म्हातारीचा ओला पळा तिनं पाहिला होता. तोंडात खरं धरून ती खोटं बोलली होती, आणि ते खोटं मला शाळेत ठेवण्यासाठी होतं. आणि तीच माय आता मला तेच वाक्य देत होती, जणू घरात ठेवणीतली एवढीच वस्तू होती.

मीटिंगला सगळ्यांना बसवलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मुंबईची पार्टी. एक बाई, दोन पुरुष. सर मधल्या खुर्चीत, कपाळाला टिळा. मॅडमनी प्रयोग समजावून सांगितला, माझे आलेख दाखवले, माझं नाव न घेता. मग म्हणाल्या, दुर्दैवानं पेशींना संसर्ग झाला, मनुष्यचूक होती, संबंधित कर्मचारी स्वतः सांगतील. आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, स्नेहसंमेलनात लहान मुलीला ढकलतात तशी.

मी उभी राहिले. हात ॲप्रनच्या खिशात घातले. पडद्यावरच्या बाईनं हिंदीत विचारलं, "नेमकं काय झालं?"

मी हिंदीतच सांगितलं. दसऱ्याच्या पूजेत इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये गंगाजल ओतलं. बुरशी खालच्या फळीवरून वर चढली. माझ्या डिशेस सगळ्यात वर होत्या, त्या शेवटी गेल्या. ट्रेचं पाणी मी तपासलं, त्यात तीच बुरशी निघाली. त्या वेळी मी आत नव्हते.

"तुम्ही आत का नव्हत्या?"

"मला बाहेर उभं केलं होतं."

"का?"

सरांनी हात लांब केला आणि माइक बंद केला.

मी थांबले नाही. आवाज पलीकडे जात नव्हता, पण माझं तोंड हलताना त्यांना दिसत होतं. मी खोलीतल्या सगळ्यांना ऐकवलं. माझ्या स्टुलावर गोमूत्र कोणी शिंपडलं ते सांगितलं. मला धुण्याच्या खोलीत कशाच्या बदल्यात पाठवत होते ते सांगितलं. मॅडम टेबलाकडे पाहत होत्या. खाई त्याला खवखवे. प्रणितानं पाण्याची बाटली उघडली, प्यायली नाही, परत बंद केली. आणि सर उभे राहून म्हणाले, "लय शिकली म्हनून माजली काय बे तू?"

"हो," मी म्हणाले. "शिकली म्हणून."

पडद्यावर ती बाई अजून कानाला हात लावून बसली होती. मग तो पडदाही काळा झाला.

परतीच्या बसमध्ये प्रणिता माझ्या शेजारी बसली. सौसर सुटलं. मग हळूच म्हणाली, "मले माहीत होतं गं. माह्याच डिशेस पह्यल्या गेल्या. पन मी काय बोलू, सांग." तिच्या त्या 'गं'चा मला सरांच्या शिवीपेक्षा जास्त राग आला. ती चांगल्या शेतकरी घरातली, तिच्या हाताला कोणी काही म्हणणार नव्हतं. तिनं एक वाक्य बोलायचं होतं. मी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला गेटवर गेले. गेटवरच्या शिपायानं सांगितलं, तुमचं नाव काढलं. कारण विचारलं तर म्हणाला, वरून सांगितलं. माझ्या बुरशी लागलेल्या पेशीही तोवर ब्लीच ओतून मारल्या असतील. तसंच करतात. जनुक का दबतं, ते आता मला तिथं कळणार नाही.

तिथून मी घरी गेले नाही. पोलीस ठाण्यात गेले. तिथला साहेब म्हणाला, "गोमूत्र छिडकने में क्या हो गया? शुद्ध चीज है." मी म्हणाले, "शुद्ध चीज माझ्या स्टुलावरच का, ते लिहा." त्यानं दिवसभर बसवून ठेवलं. मी बसले. संध्याकाळी त्यानं लिहून घेतलं. त्याचं पुढं काय होईल मला माहीत नाही. काही होणार नाही असं सगळे सांगतात. वस्तीतले सांगतात, नात्यातले सांगतात. आता पांढुर्ण्यापासून बोरगावपर्यंत कोणी तुला कामावर ठेवणार नाही, असंही सांगतात.

नका ठेवू. मी नागपूरला अर्ज केलेत, त्याच्या पलीकडेही करीन. जिथं कल्चर रूम असेल तिथं जाईन, आणि आधीची नोकरी का गेली हे विचारलं की हे सगळं असंच सांगेन, एक शब्द न गाळता. बाटल्या धुवीन, कारण कामात त्या धुवाव्याच लागतात. पण ज्या धुवीन त्या मीच भरीन.

मायला घरी येऊन सांगितलं. तिनं नोकरीचं विचारलं नाही, ठाण्याचं विचारलं नाही. ताट वाढलं. मग एवढंच म्हणाली, "आता साऱ्या गावात तुह्या तोंडाचं नाव होईन."

होऊ दे. माझा हात चांगला आहे, हे मला माहीत आहे. तोंड वाईट आहे, हे आता त्यांनाही माहीत झालं. ते तसंच राहणार.